हरेगावच्या पायी यात्रेची तयारी: वाटेत कचरा न टाकता मतमाउलीच्या दर्शनाला कसे जावे

सप्टेंबर उजाडला की हरेगावकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दिंड्या दिसू लागतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यातल्या या तीर्थस्थानी पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या, म्हणजे ८ सप्टेंबरच्या सुमारास मतमाउलीची (मरियेला इथे याच नावाने हाक मारतात) यात्रा भरते. मराठवाड्यातून, नाशिक-पुण्याकडून आणि जिल्ह्यातल्या गावागावांतून माणसे येतात, त्यातली पुष्कळ चालत. जपमाळ म्हणत दिंडी पुढे जाते आणि मागे रस्त्याच्या कडेला पाण्याच्या बाटल्या, चहाचे कप आणि फरसाणाच्या पुड्या राहतात. पाऊस आला की ते सगळे चारीत, चारीतून ओढ्यात आणि शेवटी कुणाच्या तरी उसात जाते.

हे बहुतेक धर्मग्रामांना, म्हणजे एकेका चर्चच्या स्थानिक मंडळींना, खुपते आणि त्यावर एकच उपाय वर्षानुवर्षे केला जातो: शेवटच्या दिवशी तरुणांच्या हाती झाडू आणि पोती देणे. हा क्रम उलटा आहे. चालून पाय सुजलेली मुले मैदानावरचा कचरा उचलतीलही, पण मागच्या साठ-सत्तर किलोमीटरवरचा कोण उचलणार? यात्रेत किती कचरा होणार हे दिंडी निघण्याआधी तीन आठवडे, किराणा आणि पाण्याची यादी करताना ठरलेले असते. म्हणून या लेखातला निम्मा भाग तयारीबद्दल आहे. तो ओलांडून थेट चालण्याच्या टप्प्यावर जाऊ नका.

योगायोग असा की ही यात्रा १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या काळात येते, जो जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्या सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ म्हणून पाळतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीविषयी लिहिलेल्या परिपत्रात, २११ व्या परिच्छेदात, अगदी घरगुती गोष्टींची यादी दिली आहे: प्लास्टिक टाळणे, पाणी जपून वापरणे, कचरा वेगळा करणे, संपेल तेवढेच शिजवणे, सार्वजनिक वाहनाने जाणे. पायी यात्रेत या पाचही गोष्टी करता येतात.

खालचे हिशेब ६० जणांच्या, तीन दिवस चालणाऱ्या दिंडीचे आहेत. तुमची संख्या वेगळी असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

## टप्पा १: तीन आठवडे आधी माणसे, मार्ग आणि मुक्काम पक्के करा

आधी यात्रेच्या तारखा तुमच्या फादरांकडून खात्रीने घ्या. मग नावनोंदणी करा आणि ती एका तारखेला बंद करा. ‘येतील तेवढे येऊ द्या’ हे ऐकायला प्रेमळ वाटते, पण आकडा ठाऊक नसला की स्वयंपाक अंदाजाने होतो, पाणी अंदाजाने घेतले जाते आणि दोन्ही वाया जाते. आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी ५ जागा राखून ठेवा, त्याहून जास्त नको.

मग दोघा-तिघांनी मोटरसायकलवरून सगळा मार्ग एकदा पाहून यावा. निव्वळ किलोमीटर मोजायला जाऊ नका. दर पाच-सहा किलोमीटरवर तीन गोष्टी शोधा: पाणी भरायची जागा, वापरता येईल असे शौचालय, आणि पावसात थांबता येईल असा आडोसा. पुष्कळ गावांत आता पाणी शुद्धीकरणाचे आरओ केंद्र आहे, ते किती वाजता उघडते हे विचारून लिहून घ्या. पेट्रोल पंप, शाळा, मंगल कार्यालय, वाटेतले चर्च किंवा मिशनचे वसतिगृह, सगळे वहीत टिपा.

मुक्कामाच्या गावांत सरपंचांना किंवा मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटा, फोनवर भागवू नका. त्यांना तीन प्रश्न विचारा. शौचालयाला पाणी आहे का? ओला कचरा कुणाच्या उकिरड्यात टाकला तर चालेल? घंटागाडी येते का आणि कोणत्या दिवशी? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘येत नाही’ असेल तर त्या गावात सुका कचरा सोडायचा नाही, पुढे न्यायचा.

दिंडी १०० पेक्षा जास्त माणसांची असेल तर आणखी एक काम आहे. घनकचरा व्यवस्थापन नियमांनी परवाना नसलेल्या जागी एवढा जमाव जमवण्याआधी स्थानिक संस्थेला किमान ३ कामाचे दिवस आधी कळवण्याची आणि कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी आयोजकांवर टाकली आहे. ग्रामपंचायतीला दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोलीस ठाण्यालाही मार्ग आणि वेळा कळवा.

तपासा: नावांची यादी बंद झाली का? प्रत्येक मुक्कामाच्या गावातल्या एका माणसाचा होकार आणि फोन नंबर वहीत आहे का? नसेल तर टप्पा २ सुरू करू नका.

## टप्पा २: खरेदीची यादी, आणि दात्यांशी आधीच बोलणे

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका इथेच सगळ्यांचा पाय घसरतो.

पत्रावळी, द्रोण, कप, चमचे यांपैकी काहीही विकत घेऊ नका. थर्माकोलच्या ताटल्या आणि एकदा वापरून टाकायची प्लास्टिकची भांडी महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत. १ जुलै २०२२ पासून अशा बऱ्याच वस्तूंवर देशभर बंदी आली. तरी त्या बाजारात मिळतात, आणि ‘कागदी आहेत’ म्हणून चकचकीत ताटल्या दिल्या जातात. कागदावर आतून प्लास्टिकचा पातळ थर असेल तर ती ताटली कुजत नाही. ओळखायला सोपे: एक ताटली पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी फाडून पाहा. पातळ पापुद्रा सुटून आला तर ती घेऊ नका. पळसाच्या पानांची हाताने टाचलेली पत्रावळ मिळत असेल तर चांगलेच. पण खरा उपाय प्रत्येकाने स्वतःची ताटली आणि पेला आणणे हाच आहे.

किराणा सुटा घ्या. बिस्किटांचे छोटे पुडे, चिप्स, फ्रूटीचे डबे आणि पाण्याचे पाऊच या चार वस्तू यादीतून काढल्या तरी रस्त्यावरचा कचरा बराच कमी झालेला तुम्हाला दिसेल. त्यांच्या जागी गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे सुटे लाडू, केळी, उकडलेली रताळी आणि फुटाणे. चालणाऱ्याला ताकदही यांतूनच मिळते.

दाते हा नाजूक विषय आहे. ‘दिंडीला माझ्याकडून पाण्याच्या बाटल्या’ असे म्हणणारा माणूस मनापासून देत असतो. त्याला वाटेत अडवून नाही म्हणणे चुकीचे आहे, तो दुखावतो आणि बाटल्या तर गाडीत आलेल्याच असतात. म्हणून तीन आठवडे आधी, रविवारच्या मिस्सानंतरच्या (उपासनेनंतरच्या) घोषणांमध्ये फादरांनीच हव्या त्या वस्तूंची यादी वाचून दाखवावी: २० लिटरचे पाण्याचे जार, केळीचे घड, एका वेळच्या खिचडीचे तांदूळ-डाळ, टेम्पोचे डिझेल, प्रथमोपचाराची पेटी. ज्याला द्यायचे आहे तो यातले काहीतरी उचलतो आणि देण्याचा आनंदही तसाच राहतो.

वाटेतल्या गावकऱ्यांचे स्टॉल तुमच्या हातात नाहीत. तिथे एकच वाक्य सगळ्यांनी पाठ करावे: “दादा, जार असेल तर आमच्याच बाटल्या भरून घेतो.” बहुतेक ठिकाणी हे आनंदाने ऐकले जाते.

इशारा: दिंडीचे छापील प्लास्टिक फलक, फुगे, झिरमिळ्या आणि प्रत्येकाला लॅमिनेट केलेला बिल्ला हे सगळे ‘प्रसिद्धी’च्या नावाखाली यादीत परत शिरते. एक कापडी फलक शिवून घ्या, त्यावर वर्ष लिहू नका, म्हणजे तो दरवर्षी चालेल.

## टप्पा ३: पाण्याचा हिशेब

चालणाऱ्या माणसाला दिवसाला पिण्यासाठी साधारण ४ लिटर पाणी धरा. ६० जणांचे २४० लिटर झाले, म्हणजे रोज १२ जार. तेच पाणी एक लिटरच्या बाटल्यांतून दिले तर तीन दिवसांत ७२० बाटल्या रिकाम्या होतात. हा आकडा धर्मग्रामाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. पुढे फारसे समजवावे लागत नाही.

टेम्पोत एका वेळी ६ जार, नळ बसवलेली एक मोठी टाकी आणि एक नरसाळे ठेवा. दिवसातून दोनदा, आधीच हेरून ठेवलेल्या आरओ केंद्रावर जार भरून घ्या. टाकीजवळ एका माणसाची कायम नेमणूक करा, कारण नळ उघडा राहिला की पाणीही जाते आणि चिखलही होतो.

विहिरीचे पाणी घ्यावेच लागले तर पावसाळ्यात ते गढूळ असते हे लक्षात ठेवा. आधी दुहेरी सुती कापडातून गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसेच उकळू द्या. उकळणे शक्य नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि तेवढा वेळ थांबा. पाटाचे पाणी पिऊ नका, कितीही स्वच्छ दिसले तरी.

कुणाला जुलाब किंवा फार घाम येऊन थकवा आला तर मीठ-साखरेचे पाणी तिथल्या तिथे करता येते: १ लिटर शुद्ध पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने जास्त घालू नका. ओआरएसच्या पुड्या वापरल्यात तर रिकामी पाकिटे खिशात.

## टप्पा ४: प्रत्येकाची झोळी

निघण्याच्या आठवडाभर आधी ही यादी घरोघर द्या, फोनवरच्या गटातही टाका, पण आजी-आजोबांना तोंडी सांगा.

स्टीलची ताटली, पेला, चमचा. एक लिटरची बाटली, शक्यतो स्टीलची. एक हातरुमाल आणि एक सुती पंचा. विजेरी, सेलवर चालणारी असेल तर सेल परत आणायचे. छत्री किंवा टिकणारा रेनकोट. दहा-वीस रुपयांचे पातळ प्लास्टिकचे रेनकोट पहिल्या सरीतच फाटतात आणि बाभळीला लटकलेले दिसतात, ते घेऊ नका. औषधे, आधार कार्डाची प्रत. एक जुनी कापडी पिशवी, तीही निव्वळ स्वतःच्या कचऱ्यासाठी.

ही शेवटची पिशवी लोकांना अनावश्यक वाटते, आणि ती नसली की बाकी सगळे फसते. केळीची साल, गोळीचा कागद, औषधाची पट्टी हातात आली की माणूस इकडेतिकडे पाहतो. खांद्याला पिशवी असेल तर हात आपोआप तिकडे जातो.

पायांत जुनी, सवयीची चप्पल किंवा बूट हवेत. यात्रेसाठी नवे बूट घेणे ही दरवर्षीची चूक आहे. फोड आले की लोक ते बूट वाटेतच टाकतात आणि दुकानातून प्लास्टिकची चप्पल घेतात. फोड फोडू नका, स्वच्छ कापडाने किंवा पट्टीने झाका.

तपासा: आदल्या संध्याकाळी चर्चच्या अंगणात सगळ्यांना झोळीसह बोलवा. ताटली, बाटली आणि कचऱ्याची पिशवी दाखवल्यावरच नावापुढे खूण करा. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी धर्मग्रामाच्या भांड्यांतले दहा-बारा जोड काढून ठेवा. कुणाकडे ताटली घ्यायला पैसे नसतील, ते चारचौघांत विचारू नका.

## टप्पा ५: रस्त्यावर

पहाटेच्या अंधारात निघण्याचा मोह आवरा. सप्टेंबरच्या सुरुवातीला सव्वासहाच्या पुढे-मागे सूर्य उगवतो. सहा ते साडेदहा आणि दुपारी चार ते पावणेसात असे चालले की ताशी ४ किलोमीटरच्या वेगाने, मधले थांबे धरून, दिवसाला साधारण २५ किलोमीटर होतात. अंधारात चालावेच लागले तर पुढच्या आणि मागच्या माणसाच्या अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट हवे. पायवाट नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, दोघादोघांच्या रांगेत चाला.

मदतीला एकच टेम्पो. तो दिंडीच्या मागे चालण्याच्या वेगाने घुरघुरत ठेवू नका. धूर चालणाऱ्यांच्या तोंडात जातो, डिझेल वाया जाते आणि मागे वाहने तुंबतात. त्याने पुढच्या थांब्यावर जाऊन इंजिन बंद करून थांबावे. ज्यांच्या घरची गाडी ‘सोबत असू दे’ म्हणून निघते त्यांना प्रेमाने सांगा की आजारी माणसासाठी टेम्पोत जागा आहे.

दिंडीच्या शेवटी दोन माणसे पोते घेऊन चालतील. त्यांचे काम रस्त्यावरचा सगळा कचरा उचलणे हे नाही, आपल्या दिंडीतून पडलेला उचलणे हे आहे. ही जोडी दर दोन तासांनी बदला आणि त्यात धर्मग्राम समितीची मोठी माणसेही असू द्या. हे काम कायम मुलांवर टाकले तर बाकीचे ते मुलांचेच काम समजतात.

शेताचा मान ठेवा. या दिवसांत वाटेवर कपाशी, सोयाबीन, बाजरी, मका आणि ऊस उभा असतो. बांधावरून आडवाट काढू नका. काळ्या ओल्या मातीत साठ माणसे गेली की बांध खचतो आणि पुढच्या पावसात पाणी तिथूनच शेत फोडते. उसाचे कांडे, मक्याचे कणीस तोडणे ही चोरीच आहे, देवाच्या नावाने निघालेल्या माणसाने केली तरी.

छत्रपती संभाजीनगर-गंगापूरकडून येणारे कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडतात. नदीकाठी किंवा पाटावर अंघोळ करायची तर साबण, शांपूच्या पुड्या आणि कपड्यांची पावडर बाहेर काढू नका. पाणी बादलीत घ्या, काठापासून दूर जाऊन साबण लावा आणि तेच पाणी जमिनीत मुरू द्या. पावसाळ्यात पात्रात उतरूच नका, धरणातून कधी पाणी सोडतील सांगता येत नाही.

इशारा: ओल्या गवतात आणि उसाच्या कडेला साप असतात. साप चावला तर मंत्र, कापणे, दोरी आवळणे यात वेळ घालवू नका. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालयात न्या.

## टप्पा ६: जेवण

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून. योहान ६:१२ मध्ये ते आहे. आपण त्या चमत्कारावर प्रवचने ऐकतो आणि पंगतीनंतर ताटांत भात टाकून उठतो.

क्रम असा ठेवा. सकाळीच हात वर करायला लावून जेवणाऱ्यांचा आकडा घ्या, कारण काहींचा उपास असतो, काही वाटेतल्या नातेवाइकांकडे जेवतात. स्वयंपाक त्या आकड्याचाच. पहिली वाढ अर्धी, मागेल त्याला परत. वाढणारे मोठ्या वयाचे असावेत. तरुण मुले उत्साहाने ताट भरून टाकतात आणि मावश्यांना नाही म्हणवत नाही.

पदार्थ एका भांड्यात होणारे आणि न टिकले तरी चालतील एवढेच करा: खिचडी, पिठलं-भात, मुगाची उसळ. सोबत घरून आणलेल्या भाकऱ्या आणि कोरडी चटणी. सरपणासाठी वाटेतली झाडे तोडू नका. सिलिंडर टेम्पोत ठेवा किंवा मुक्कामाच्या घरी विकत सरपण घ्या.

ताटल्या धुताना आधी बोटाने किंवा भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्या. मग दोन बादल्या: पहिलीत राख घालून घासणे, दुसरीत विसळणे. ६० ताटल्या याने पाच-सहा बादल्यांत होतात. नळाखाली धुतल्या तर त्याच्या कितीतरी पट पाणी जाते आणि शाळेची टाकी रिकामी होते. सकाळी मुलांना प्यायला पाणी नसते आणि पुढच्या वर्षी शाळा मिळत नाही. खरकटे पाणी विहिरीपासून लांब, मोकळ्या जमिनीत ओता.

उरलेले अन्न पिशवीत भरून रस्त्याकडेला ‘गाईला’ ठेवणे ही चूक फार ठिकाणी दिसते. गाय पिशवीसकट खाते. पिशवी नसली तरी एकदम भरपूर भात-पोळ्या खाल्ल्याने जनावराच्या पोटात आम्लता वाढून ते दगावू शकते. उरले तर गावातल्या माणसांना, चांगले असतानाच, विचारून द्या. खराब झालेले उकिरड्यात, मालकाच्या परवानगीने.

इशारा: कचरा जाळायचा नाही. मुक्काम सोडताना ढीग करून काडी लावली की जागा स्वच्छ दिसते, पण प्लास्टिकचा तो धूर विषारी असतो आणि अर्धवट जळलेले गोळे मातीतच राहतात.

## टप्पा ७: शौचाची सोय

याबद्दल बैठकीत कुणी बोलत नाही, आणि याचा सगळ्यात जास्त त्रास बायकांना होतो. शौचाला जावे लागू नये म्हणून त्या पाणी पीत नाहीत, मग चक्कर येते, लघवीला जळजळ होते. म्हणून मार्ग पाहायला जाणाऱ्यांत एक बाई किंवा सिस्टर असलीच पाहिजे. थांबे पुरुषांच्या सोयीने ठरू नयेत.

लाजण्याचे कारण नाही. अनुवाद २३:१२-१३ मध्ये इस्राएलच्या छावणीला हीच सूचना आहे: जागा छावणीबाहेर ठरवा, सामानात खणायचे हत्यार ठेवा, खड्डा करा आणि मग माती लोटून झाका.

पहिली पसंती नेहमी बांधलेल्या शौचालयाला. वापरण्याआधी पाणी भरा, निघण्याआधी धुवा, आणि हे काम वाटून द्या. शाळेने विश्वासाने दिलेली शौचालये घाण करून निघून जाणे ही आपल्या साक्षीला लागलेली काळिमा आहे.

उघड्यावर जावेच लागले तर विहीर, ओढा, पाट यांपासून किमान ६० मीटर दूर, म्हणजे साधारण ८० पावले. खुरप्याने वीतभर खोल खड्डा, नंतर माती. पावसाने जमीन तुडुंब भिजली असेल तर खड्ड्यात पाणी साचते, तेव्हा उंचवट्याची जागा पाहा. टेम्पोत चार खुरपी आणि आडोशासाठी दोन जुन्या साड्या ठेवा.

सॅनिटरी पॅड खड्ड्यात पुरू नका आणि शौचालयात टाकू नका. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या वेगळ्या डब्यात. हा डबा टेम्पोत पुढे, पुरुषांना विचारावे लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि तो कुणाच्या ताब्यात आहे हे सगळ्या मुलींना आधी सांगा.

## टप्पा ८: मुक्काम

तीन पोती बांधून ठेवा: बाटल्या-कागद-पत्रा, वेष्टने, आणि टाकून द्यायचे कपडे-चपला. ओल्या कचऱ्याला झाकणाची बादली. पोत्यांवर रंगीत चिंध्या बांधल्या की वाचता न येणाऱ्यालाही कळते.

रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. तो नियम आहेच, पण शेजारच्या वस्तीतला माणूस दिवसभर शेतात राबून झोपलेला असतो हे त्याहून मोठे कारण आहे. गीते टाळ-ढोलकीवर, माइकशिवाय म्हणा. जनरेटर लागत नाही.

तपासा: सकाळी निघण्याआधी सगळ्यांनी एका ओळीत उभे राहून मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालावे. पाच मिनिटे लागतात. मग मुख्याध्यापकांना किंवा गावच्या माणसाला बोलावून जागा दाखवा आणि मगच किल्ली परत द्या.

## टप्पा ९: मतमाउलीच्या चरणी

इथे गर्दी असते, भावना दाटलेल्या असतात. आतापर्यंत पाळलेली शिस्त इथे शेवटच्या तासात सुटते.

मेणबत्त्या: नेहमीची मेणबत्ती पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलातून निघालेल्या मेणाची असते. ढिगाने लावल्या की वितळून एकमेकींत मिसळतात, काळा धूर होतो आणि नव्याला जागा करण्यासाठी अर्धवट जळालेल्या काढून टाकाव्या लागतात. एका कुटुंबामागे एक मेणबत्ती, ती पूर्ण जळू द्यायची. पण नवस फेडायला आलेल्या आजींना हे सांगायचे काम स्वयंसेवक मुलांनी करू नये. तिने वर्षभर पैसे साठवून त्या मेणबत्त्या घेतल्या आहेत. हे नोव्हेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या दिवसांत, आपल्याच चर्चमध्ये, फादरांनी सांगायला हवे. नवसाचे उरलेले पैसे कुणा मुलीच्या शिक्षणाला किंवा आजाऱ्याच्या औषधाला देता येतात, आणि मतमाउलीला ते पोहोचते, हे धर्मगुरूच्या तोंडून ऐकले की मनाला पटते.

फुले: सुटी फुले किंवा सुती दोऱ्यात ओवलेला हार. चमकी, प्लास्टिकची फुले आणि सेलोफेनचे वेष्टन नको. वेष्टनात घेतलेच असेल तर ते काढून स्वतःच्या पिशवीत टाका आणि फूल तेवढे वाहा.

जत्रेतली खरेदी: मुलांना खेळणे हवे असते, ते साहजिक आहे. टिकणारे एक घ्या. लाकडी क्रूस, काचेची किंवा लाकडी मण्यांची जपमाळ दहा वर्षे राहते. प्लास्टिकची माळ घरी पोहोचेपर्यंत तुटते, आणि आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकवत नाही म्हणून ती कपाटात पडून राहते. अशा तुटलेल्या वस्तू घरी असतील तर जाळाव्यात की पुराव्यात हे फादरांना विचारा. नदीत टाकू नका.

## टप्पा १०: परतीचा प्रवास

जाताना तीन दिवस पायी आणि येताना साठ जणांसाठी पंधरा गाड्या, असे होते, कारण परतीचा विचार कुणी केलेला नसतो. जो तो घरी फोन करून गाडी मागवतो. यात्रेच्या संध्याकाळी श्रीरामपूर रस्त्यावर जी कोंडी होते ती यातूनच.

परतीची व्यवस्था टप्पा १ मध्येच करा. एसटी आगारातून प्रासंगिक करारावर बस मिळते, त्यासाठी आधी अर्ज आणि पैसे भरावे लागतात. संख्या कमी असेल तर नेहमीच्या एसटीने या. महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना तिकीटच नाही. दौंड-मनमाड मार्गावरून रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की श्रीरामपूरच्या स्थानकाचे नाव बेलापूर आहे. नवी मुंबईतल्या बेलापूरचे तिकीट काढून फसणारे असतात.

टेम्पोतला कचरा घेऊन परत या. बाटल्या, पत्रा, पुठ्ठा भंगारवाल्याला, वेष्टने आणि सॅनिटरी डबा आपल्या नगरपालिकेच्या गाडीत. तो हरेगावात किंवा वाटेतल्या ढाब्यामागे सोडून येण्याची घाई करू नका. त्या गावाला आपली यात्रा झेपवताना आधीच पुरे होते.

## टप्पा ११: परतल्यावर आठवड्याभरात

पोती चर्चच्या अंगणात तराजूवर तोला आणि आकडा प्रकारासह वहीत लिहा. पुढच्या वर्षीची यादी याच वहीतून होते. वेष्टनांचे पोते जड भरले असेल तर ती कोणत्या वस्तूची होती ते उघडून पाहा आणि ती वस्तू यादीतून खोडा.

मुक्कामाच्या गावांना आभाराचे पत्र द्या आणि त्यात विचारा, आमच्यामुळे काही त्रास झाला का. उत्तर बहुधा तोंडी आणि संकोचाने येईल. कुणाचा बांध खचला असेल, कुणाचा हौद रिकामा झाला असेल तर भरपाई करा, पुढच्या वर्षाची वाट पाहू नका.

यात्रेच्या आठवणीत झाडे लावायची इच्छा असेल तर ५० खड्डे खणून फोटो काढू नका. सप्टेंबरात लावलेल्या रोपाला पुढे आठ महिने पाऊस नाही. कडुनिंब, चिंच, जांभूळ यांची पाचच रोपे चर्चच्या आवारात लावा, प्रत्येकाला एक कुटुंब नेमा आणि मे महिन्यात कोण पाणी घालणार हे नावानिशी लिहा. काही कुटुंबे मे महिन्यात गावी जातात, त्यांच्या रोपांसाठी दुसरे नाव आत्ताच घ्या.

शेवटी भांडी, जार, खुरपी, कापडी फलक आणि जाकिटे धुऊन, वाळवून, मोजून एका पेटीत ठेवा. झाकणाच्या आतल्या बाजूला सामानाची यादी चिकटवा, आणि पेटीची किल्ली कुणाकडे आहे ते समितीच्या वहीत लिहून ठेवा.